प्रत्यक्षाच्या वेषातला शब्द : जुनी कोरीव नगरदृश्ये कशी वाचावीत?

(आष्टी, ता. परतूर, जि. जालना येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारले, "सर, युरोपातल्या शहरांची चारशे वर्षांपूर्वीची कोरीव चित्रे आणि आपली आष्टी, यांचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून वाट आधीच सांगून ठेवतो. आपण जर्मनीतल्या कोलोन शहरातून निघू, तिथून गोव्याला येऊ, गोव्याहून वेरूळला, आणि वेरूळहून आपल्या गावच्या वेशीपाशी. सोबतीला न्यायदर्शनातला एकच शब्द घेऊ : प्रमाण. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशावरून कळते, हा तो प्रश्न.

तांबे, कोरणी आणि उलटे शहर

१५७२ साली कोलोनमध्ये एका ग्रंथाचा पहिला खंड निघाला. लॅटिन नाव 'किविटाटेस ऑर्बिस टेरारम', म्हणजे 'जगातील नगरे'. संपादक गेऑर्ग ब्राउन आणि मुख्य कोरक्या फ्रान्स होगेनबर्ग. १६१७ पर्यंत त्याचे सहा खंड झाले आणि पाचशेहून अधिक नगरदृश्ये त्यात आली. घरातली खुर्ची न सोडता जग पाहता येईल, अशी ती सोय होती. आज आपण मोबाइलवर बोट फिरवून पॅरिस बघतो ना, त्याचीच ही पणजी म्हणा.

ही चित्रे होत कशी? तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. अणकुचीदार पोलादी कोरणीने त्यावर रेघ खोदायची. सगळ्या पत्र्यावर शाई चोपडायची आणि वरची पुसून टाकायची. खाचेतली तेवढी राहते. मग ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून जोराने दाबून काढायचा. खाचेतली शाई कागद ओढून घेतो. पण छाप उलटी उठते. म्हणून कारागिराला सगळे शहर उलटे कोरावे लागे. नदी डावीकडे असेल तर पत्र्यावर उजवीकडे, आणि अक्षरेही उलटी. रंग हवा असेल तर तो नंतर हाताने भरत.

आपल्याकडे तांब्यावर कोरणे नवे नव्हते. राष्ट्रकूट आणि यादवांचे ताम्रपट आपल्याला माहीत आहेत. पण ताम्रपट सुलटा कोरतात, कारण तो स्वतःच दस्तऐवज असतो. एकच प्रत, ज्याला दान मिळाले त्याच्या घरी जपलेली. छापण्यासाठी उलटे कोरणे ही वेगळी बुद्धी आहे. तीही इथे आली. १८०५ साली मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. म्हणजे हात होता, धातू होता, विद्या होती. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पाहिले एकाने, कोरले दुसऱ्याने

आता चित्राच्या खालच्या कडेला या. बऱ्याच जुन्या छापचित्रांवर तिथे बारीक अक्षरांत लॅटिन खुणा असतात. 'डेलिनेअविट' म्हणजे याने रेखाटले. 'स्कल्पसिट' म्हणजे याने कोरले. 'एक्सकुडिट' म्हणजे याने छापून प्रसिद्ध केले. एका चित्रामागे तीन माणसे! त्यांपैकी शहर पाहिलेला फार तर पहिला. कधीकधी तर तोही नाही. त्याने दुसऱ्याच्या चित्रावरून काढलेले असते.

इथे आपला शब्द कामाला येतो. न्यायदर्शन चार प्रमाणे मानते : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. विश्वासू माणसाने सांगितले म्हणून मानले ते शब्दप्रमाण. गौतमाच्या सूत्रांत शब्दाची व्याख्या आप्ताचा उपदेश अशी आहे. आप्त म्हणजे नातलग नव्हे बरं का. ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो, तो आप्त.

नगरदृश्याचे मर्म आम्हाला इथे दिसते. त्याच्याकडे बघताना वाटते की आपण शहर पाहतो आहोत. वास्तविक आपण शहराविषयी कोणाचे तरी म्हणणे ऐकत असतो. हा शब्द आहे, पण प्रत्यक्षाचा वेष घालून आलेला. लिहिलेले वाक्य वाचताना आपण निदान विचारतो, "कोण म्हणतो?" चित्र बघताना विचारत नाही. तिथेच आपण फसतो.

आणि फसवणुकीची परंपरा जुनी आहे. १४९३ साली न्यूरेंबर्गला एक मोठा इतिहासग्रंथ छापला गेला. त्यात १,८०९ चित्रे आहेत, पण ती छापायला लाकडी ठोकळे वापरले ६४५. एकच तटबंदी, तेच मनोरे, आणि खाली नाव निरनिराळ्या शहरांचे. त्या काळच्या वाचकाला त्यात फारसे वावगे वाटत नसावे. 'शहर' म्हणजे तट आणि शिखरे, एवढे कळले की पुरे. ब्राउन-होगेनबर्ग यांच्या ग्रंथात दर शहराचा चेहरा वेगळा, ही त्यामानाने मोठीच झेप होती. पण झेप घेतली म्हणून प्रश्न संपत नाही.

गोवा, कोलोनमधून पाहिलेले

त्याच १५७२ च्या पहिल्या खंडात एका पानावर चार बंदरे आहेत. मोरोक्कोतली अन्फा आणि अझेमूर (अन्फा म्हणजे आजचे कॅसाब्लांका) आणि आपल्याकडची दीव आणि गोवा. गोव्याच्या मथळ्यात लिहिले आहे की हे बळकट नगर १५०९ साली ख्रिस्ती सत्तेखाली आले. अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतले ते १५१० साली. म्हणजे चित्राखालचे वाक्यच चुकले आहे. पण गंमत बघा, ही चूक पकडता येते, कारण ते वाक्य आहे. चित्रातले एखादे घर चुकीच्या जागी असेल तर ते पकडणार कसे?

ब्राउनची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दृश्यांच्या पुढच्या भागात तो त्या त्या शहरातल्या पोशाखातली माणसे उभी करतो. त्याचे एक कारण त्याने प्रस्तावनेत दिले आहे : तुर्कांच्या धर्माला माणसांची चित्रे चालत नाहीत, तेव्हा ते या ग्रंथाचा लढाईसाठी उपयोग करणार नाहीत! युक्ती भाबडी आहे. पण यावरून एक कळते. शहराचे दृश्य ही नुसती शोभेची वस्तू नाही, ते शत्रूच्या हाती पडू शकते, हे छापणाऱ्यालाही ठाऊक होते.

ही भीती खोटी नव्हती. यान ह्यूघेन व्हान लिन्सखोटेन नावाचा डच तरुण १५८३ साली गोव्याला आला आणि आर्चबिशपच्या पदरी सचिव म्हणून सुमारे पाच वर्षे राहिला. परत गेल्यावर १५९६ साली ॲमस्टरडॅमला त्याचे 'इटिनेरारियो' निघाले. त्यात गोव्याचे मोठे थोरले दृश्य आहे. मांडवी, धक्के, रस्ते, चर्च, सगळे वरून पाहिल्यासारखे. शिवाय बाजारपेठेचे वेगळे चित्र आहे. हा माणूस तिथे राहिलेला होता. न्यायाच्या भाषेत आप्तपणाचा निम्मा भाग त्याच्याकडे नक्कीच होता. पोर्तुगिजांनी जपलेली समुद्रवाटांची माहितीही त्याने उघडी केली. पुढे डच जहाजे पूर्वेकडे आली आणि डच आरमाराने गोव्याची नाकेबंदी पुन्हापुन्हा केली. पुस्तकाने आरमार हलते, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण वाट दाखवता येते.

आता त्या दृश्यात काय नाही ते पाहा. तिसवाडी बेटावरची देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली होती. लिन्सखोटेन आला त्याआधी चाळीसेक वर्षे. त्यामुळे त्याच्या गोव्यात शिखरे दिसतात ती चर्चचीच. तो खोटे बोलत नाही; त्याने पाहिले ते असेच होते. पण बघणाऱ्याला वाटते, हे शहर पहिल्यापासून असेच असणार. चित्राला भूतकाळ नसतो. जे पुसले गेले ते पुसले, एवढेही चित्र सांगत नाही. आणि या चित्रानंतर ते गोवाही राहिले नाही. रोगराईने शहर ओस पडत गेले आणि १८४३ साली राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली.

उभे कुठे राहिले?

आणखी एक प्रश्न. हे दृश्य काढणारा उभा कुठे होता? १५०० साली याकोपो दे बार्बारीने व्हेनिसचे प्रचंड दृश्य केले. सहा लाकडी ठोकळे, तीन वर्षांचे काम. सगळे शहर वरून दिसते. पण माणूस फुग्यातून आकाशात गेला तो १७८३ साली! म्हणजे जिथून हे पाहिले ती जागाच नव्हती. अनेक घंटाघरांवरून आणि गल्ल्यांतून केलेली निरीक्षणे जोडून एक काल्पनिक डोळा तयार केला आणि तो आकाशात टांगला.

तत्त्वज्ञ लायब्निट्सने १७१४ च्या 'मोनॅडॉलॉजी'त हाच दाखला दिला आहे. एकच नगर निरनिराळ्या बाजूंनी पाहिले तर निरनिराळे दिसते. तसेच एक विश्व प्रत्येक जीवाच्या जागेवरून वेगळे दिसते. आपल्याकडे जैन आचार्यांनी याची बारीक मांडणी केली. एका बाजूने पाहणे म्हणजे नय. त्यात दोष नाही. पण "माझीच बाजू म्हणजे सगळी वस्तू" असा हट्ट धरला की तो दुर्नय. प्रत्येक नगरदृश्य हा नय आहे. त्याला दुर्नय करतो तो बघणारा.

हे फार लांबचे वाटत असेल तर तलाठ्याकडचा गावनकाशा आठवा. त्यात प्रत्येक गट आहे, बांध आहे, नाला आहे. पारावरचा पिंपळ नाही, आणि माणूस तर नाहीच. नकाशा खोटा आहे का? अजिबात नाही. तो महसुलासाठी आहे. कशासाठी काढले हे कळले, की काय गाळले हेही कळते.

वेरूळ : नाव कोणाचे?

आता घराजवळ या. १८०३ साली लंडनमध्ये थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्ये प्रसिद्ध केली. यांची पद्धत अ‍ॅक्वाटिंट. पत्र्यावर राळेची बारीक पूड धरून आम्लाने खाल्लेला पोत, त्यामुळे छाप जलरंगासारखी मऊ दिसते. कैलासाचे भव्य रूप युरोपच्या दिवाणखान्यांत पोहोचले ते असे. पण मूळ रेखाटने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. तो पुण्याच्या दरबारी होता आणि १७९५ साली ठाण्याच्या बाजूला तापाने वारला. त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी हे पत्रे निघाले. म्हणजे इथेही पाहिले एकाने, छापले दुसऱ्यांनी.

त्याच सुमारास पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळची चित्रे काढणारा आणखी एक माणूस होता. गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. मराठी माणूस, स्वतः तिथे गेलेला, पाहिलेला, रेखाटलेला. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात आहेत. वेरूळचे जुने चित्र म्हटले की डॅनियल हे नाव निघते. गंगारामाचे नाव आज या सभागृहात किती जणांनी ऐकले होते? आप्त घरातला होता, आणि आपल्याला साक्ष आठवते ती बाहेरच्याची.

आणि तेच १८०३ साल. २३ सप्टेंबरला आपल्याच जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी वेलस्लीची लढाई झाली. एकाच वर्षी दख्खनचे दृश्यही इंग्रजांच्या हाती आले आणि दख्खनही जाऊ लागले. दोन्हींत कार्यकारण आहे असे आम्ही म्हणत नाही. पण दृश्य कोणी काढले आणि जमीन कोणी मोजली, हे प्रश्न सत्तेपासून फार लांब नसतात.

मग आपण काय करायचे?

दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा शहर उद्ध्वस्त झाले. जुना भाग पुन्हा उभारताना अठराव्या शतकातल्या बेर्नार्दो बेल्लोत्तोची चित्रे समोर ठेवली गेली. चित्रकाराने सौंदर्यासाठी इमारतींत जे थोडेफार बदल केले होते, त्यांतले काही त्या वाटेने दगडात उतरले. चित्रावरून शहर! तरीही विचारा, चित्रे नसती तर? सदोष साक्षही साक्ष नसण्यापेक्षा बरी. फक्त तिची उलटतपासणी करता आली पाहिजे.

कोलोनच्या ग्रंथात राजधान्या आल्या, बंदरे आली, किल्ले आले. लंडनच्या संग्रहात लेणी आली. मराठवाड्यातली साधी गावे अशा ग्रंथांसाठी नव्हतीच. आपल्या गढ्या, वेशी, बारवा, माळवदाची घरे एकेक करून पडताहेत. सिमेंटचे घर बांधू नये असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरात पावसाळ्यात माळवद गळते त्याला विचारा. पण पडण्याआधी त्याची साक्ष राहिली पाहिजे, आणि ती देणारा आप्त इथला असला पाहिजे. हात आहे, विद्या आहे. मिरजेचा पत्रा आणि गंगारामाचा कागद त्याला पुरावा आहेत.

इथे बसलेल्या विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे. गावातली एक जुनी वास्तू निवडा. तिचे चित्र काढा. हात चालत नसेल तर फोटो घ्या. आणि त्याखाली पाच गोष्टी लिहा. कोणी काढले. कोणत्या तारखेला. कुठे उभे राहून. कशासाठी. आणि पाचवी, सगळ्यांत महत्त्वाची : या चौकटीत काय आले नाही. वेशीचे चित्र काढाल तर वेशीबाहेर कोणाची वस्ती होती, तेही लिहा. ब्राउनने हे लिहिले नाही, लिन्सखोटेनने लिहिले नाही, डॅनियलांनीही नाही. हे पाच शब्द लिहिले की चित्र प्रत्यक्षाचा वेष उतरवते आणि सरळ साक्षीदार म्हणून समोर उभे राहते. मग पन्नास वर्षांनी कोणी ते पाहील, त्याला प्रश्न विचारता येतील, आणि चित्र उत्तर देईल.