खोका सुटतो, पेंड अडकते

रावेर-सावदा पट्ट्यातल्या पॅकहाऊसमध्ये केळीचा घड जमिनीला टेकू देत नाहीत. बागेतून गादी घातलेल्या ट्रॉलीत येतो, हुकाला टांगला जातो, वाकड्या सुरीने त्याच्या फण्या उतरतात आणि थेट हौदात पडतात. तुरटीच्या पाण्यात चीक निघतो. मग काटा, पातळ पिशवी, पुठ्ठ्याचा खोका आणि थंड कंटेनर. नवतीचा माल असो की पिलबागेचा, रांग तीच. मी मात्र केळीपेक्षा खोक्याकडेच जास्त पाहत होतो.

निमित्त युरोपीय संघाच्या जंगलतोडमुक्त व्यापाराच्या नियमाचं. 2023 साली आलेला हा नियम सात गोष्टींवर आहे: गुरं, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड. 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून काढलेल्या जमिनीवरचा यातला माल युरोपच्या बाजारात चालणार नाही, आणि तो तसा नाही हे तिथल्या आयातदाराने दाखवायचं. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. आता मोठ्या-मध्यम कंपन्यांना 30 डिसेंबर 2026 आणि लहानांना 30 जून 2027 ही तारीख आहे.

केळी या सातांत नाही, कापूसही नाही. म्हणजे खान्देशची दोन मोठी पिकं पहिल्याच फेरीत बाहेर. तशीही इथली केळी आखातात जाते. पण खोका लाकडाच्या लगद्याचा, आणि कागद-पुठ्ठा यादीत आहे. तरी खोका सुटतो. दुसरा माल सांभाळण्यासाठी, वाहून नेण्यासाठी जे वेष्टन त्याच्यासोबत जातं ते नियमाबाहेर. हाच खोका कोरा, विकायचा माल म्हणून युरोपला पाठवला तर मात्र आत येतो. त्यातही तो पूर्णपणे रद्दीपासून बनलेला असेल तर पुन्हा बाहेर.

जळगावहून सुकवलेला कांदा युरोपला जातो, तो ज्या लाकडी पॅलेटवर रचतात तिचंही तसंच. पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो, शेजारी भारताची दोन अक्षरं आणि उष्णता दिल्याची खूण. शिक्का पाहून अनेकजण समजतात की लाकडाची सगळी कागदपत्रं झाली. तो शिक्का किडीसाठी आहे: लाकडाच्या गाभ्याला 56 अंश, अर्धा तास. झाड कुठलं, हे तो सांगत नाही.

यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वस्तू कशापासून झाली एवढं पुरत नाही, तिचा कस्टमचा कोड परिशिष्टात छापलेला असावा लागतो. म्हणून गाईचं कातडं आत, कातडी बूट बाहेर. चॉकलेट आत, चॉकलेटचं बिस्किट बाहेर. टायर आत. बाभळीचा कोळसा आत, लाकडी खुर्ची आत, बांबूची टोपली बाहेर. छापील पुस्तकं आधी आत होती, 2025 च्या डिसेंबरातल्या दुरुस्तीत ती काढली. जंगल वाचवण्याच्या यादीत तर्क शोधायला गेलं तर डोकं दुखतं. ती कस्टमवाल्याच्या टेबलासाठी केलेली यादी आहे, तशीच वाचावी.

खान्देशात ती खरी टोचते ती सोयाबीनला. दाणा, पीठ, तेल, पेंड, सगळे कोड आत आहेत. आपलं सोयाबीन जनुकबदल न केलेलं, म्हणून फ्रान्स-जर्मनीतल्या पशुखाद्यवाल्यांना इथली पेंड हवी असते. व्यापारात तिला डीओसी म्हणतात.

धुळ्याच्या मार्केट यार्डात ढिगात हात घालून मॉइश्चर, काडीकचरा, डागी दाणा पाहतात. लिलाव, काटा, पट्टी. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, हमाली असते. गट नंबर नसतो. ट्रक भरेपर्यंत पाच-पंचवीस गावांचा दाणा एक झालेला असतो, आणि सॉल्व्हंट प्लांटमध्ये तो चिरडून, पापुद्रे करून, हेक्झेनने तेल काढून घेतलं की उरलेल्या पेंडीतून शेत वेगळं काढणं अशक्य. आयातदाराला मात्र प्रत्येक शेताचे अक्षांश-रेखांश हवेत, दशांशानंतर सहा आकडे. लॉटमध्ये ठाऊक नसलेला माल मिसळला तर तो लॉट चालत नाही. ढिगाशेजारी बसलेल्या एकाला हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, “आमना माल कथा जास, आमले काय माहीत!”

मे 2025 मध्ये युरोपने भारताला कमी जोखमीच्या देशांत टाकलं. त्यामुळे आयातदाराचं जोखीम तपासण्याचं काम हलकं झालं. शेताचा ठिकाणा द्यायचा तो द्यायचाच.

एक सवलत इथल्या कोरडवाहू तुकड्यांना सोयीची आहे. चार हेक्टरपर्यंतच्या शेताला पूर्ण हद्द आखावी लागत नाही, एक बिंदू पुरतो. आणि सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-चोपडा-शिरपूरच्या पाड्यांवर, वनहक्क कायद्याने मिळणाऱ्या जमिनीची कमाल मर्यादाही चार हेक्टरच आहे. वनपट्ट्याच्या शेताला कधीच बिंदूपलीकडे जावं लागणार नाही. हा योगायोगच, पण उपयोगी.

तारखेचंही तसंच. वनपट्ट्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा लागतो, तेव्हा 2020 साली ते शेतच होतं हे पट्टाच सांगतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो, आणि जमीन कसण्याचा हक्क कायदेशीर आहे का, या युरोपच्या दुसऱ्या प्रश्नालाही तोच कागद उत्तर देतो. अडचण आहे ती दावा अजून निकाली न निघालेल्याची. त्याने जंगल तोडलेलं नाही, वाडवडिलांपासून तो तेच कसतोय, उपग्रहाच्या जुन्या चित्रातही शेतच दिसेल. पण हक्काचा कागद नाही. त्याचा दाणा युरोपच्या लॉटमध्ये घ्यायला प्लांटवाला कचरणार. तो दाणा देशातल्या कोंबडीखाद्यात जाईल, जसा आजही बराचसा जातो, आणि युरोपच्या लॉटला चार पैसे जास्त मिळाले तर ते पट्टावाल्याच्या पट्टीवर चढतील.