एका दिवसात किती म्युझियम?

मंडळी, बारामती-इंदापूरहून सकाळच्या एसटीने पुण्याला जायचं आणि रात्री परत, म्हणजे हातात चार-पाच तास. मागच्या वेळी आम्ही तीन म्युझियम उरकली. आज फोटो सोडले तर काहीच आठवत नाही. म्हणून एकच निवडा.

स्वारगेटहून जवळ पडतं ते शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. अडकित्ते, दिवे, कोरीव दरवाजे, वाद्यं... दिनकर केळकरांनी हे आयुष्यभर गोळा केलं, लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं आणि १९७५ साली सगळं सरकारच्या हवाली केलं. वस्तू वीस हजारांवर. मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. मी तर अडकित्त्यांपाशीच अर्धा तास रेंगाळलो. आमच्या आजीचाही तसाच होता, भंगारात गेला.

पण पेंटिंगच बघायची असतील तर? मग पुणं कशाला! फलटण-दहिवडीवरून सातारा जिल्ह्यातलं औंध गाठा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली तिथल्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, आणि चक्क हेन्री मूरचं दगडी शिल्पसुद्धा! कॅलेंडरवरचा रविवर्मा वेगळा आणि दोन हातांवरून बघितलेला वेगळा, बरं का. फक्त परतीची गाडी आधीच विचारून ठेवा.