गर्भपिशवीत गाठ : घाबरण्यापूर्वी जागा विचारा

बाळ पाहायला म्हणून सोनोग्राफीला जावे आणि रिपोर्टात 'फायब्रॉइड' लिहून यावे, असे अनेक भगिनींच्या बाबतीत घडते. गाठ म्हटली की आपल्या घरांत कॅन्सरच आठवतो. म्हणून आधी हे सांगतो : फायब्रॉइड ही गर्भपिशवीच्या स्नायूची गाठ आहे आणि ती जवळजवळ नेहमीच साधी असते. त्रास नसल्याने ती वर्षानुवर्षे कळत नाही. दिवस गेल्यावर पहिल्यांदा दिसते.

सोनोग्राफीत ही गाठ गोलसर आणि बहुधा भोवतालच्या स्नायूपेक्षा गडद दिसते. गरोदरपणात पिशवीचा स्नायू मध्येच आवळतो, तेव्हाही तसाच फुगवटा दिसतो. तो थोड्या वेळाने विरतो, गाठ मात्र राहते. म्हणून डॉक्टर थांबून पुन्हा पाहतात.

डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा : गाठ केवढी आहे आणि नेमकी कुठे आहे? पिशवीच्या तोंडाजवळची मोठी गाठ बाळाची वाट अडवू शकते. वार गाठीवर असेल तर जास्त लक्ष ठेवावे लागते. मोठ्या गाठीमुळे बाळंतपणानंतर रक्तस्राव वाढू शकतो. तेव्हा रक्ताची सोय असलेले रुग्णालय आधीच ठरवावे. तरीही गाठ असलेल्या बहुतेक स्त्रियांचे बाळंतपण सुखरूप होते.

गरोदरपणात काही वेळा गाठीचा रक्तपुरवठा कमी पडून पोटात तीव्र कळा येतात. अशा वेळी घरातली वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नये. काही गोळ्या पाचव्या महिन्यानंतर बाळाला अपायकारक ठरतात. पोट दुखले किंवा अंगावरून गेले तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

रक्तस्रावाच्या भीतीने गरोदरपणात गाठ सहसा काढत नाहीत. बाळंतपणानंतर अनेक गाठी आपोआप लहान होतात, काही दिसेनाशाही होतात. पिशवी मूळ आकारात यायला सुमारे 6 आठवडे लागतात. त्यामुळे 'पिशवीच काढून टाका' अशी घाई करू नये. 3 ते 6 महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून जुन्या रिपोर्टाशी ताडून पाहावे, मग उपचार ठरवावेत.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. चिल्ल्याच्या चाळीस दिवसांत अंगावरून जायचेच, असे म्हणून सुनेची तक्रार टाळू नका. तासाभरात पॅड भिजत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील, ताप किंवा चक्कर येत असेल, तर चाळिसाव्या दिवसाची वाट न पाहता तिला तत्काळ रुग्णालयात न्या. बाळाच्या लसीच्या कार्डाजवळच आईचा सोनोग्राफीचा रिपोर्टही जपून ठेवा.