लूपमध्ये ‘कंटिन्यू’ लिहिलं आणि प्रोग्राम अडकला? कारण जाणून घ्या

कोडिंग शिकताना ‘कंटिन्यू’ हा शब्द हमखास गोंधळात टाकतो. नावावरून वाटतं, आहे तेच चालू ठेवा. प्रत्यक्षात तो सांगतो, ही फेरी इथेच सोडा आणि पुढची घ्या. ‘ब्रेक’ मात्र अख्खा लूपच थांबवतो.

समजा, 60 विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी काढायची आहे, पण गैरहजर मुलं वगळून. गैरहजर दिसला की ‘कंटिन्यू’. तो ना बेरजेत, ना भागाकारात. तिथे चुकून ‘ब्रेक’ लिहिलंत, तर पहिल्या गैरहजर मुलापाशीच हिशेब थांबतो. एरर येत नाही, चुकीची सरासरी मात्र छापली जाते.

खरी अडचण ‘व्हाइल’ लूपमध्ये येते. सी किंवा जावाच्या ‘फॉर’मध्ये ‘कंटिन्यू’नंतरही मोजणी एकने वाढते, कारण ती सूचना लूपच्या पहिल्याच ओळीत असते. ‘व्हाइल’मध्ये ती आपण बहुतेकदा शेवटी लिहितो आणि ‘कंटिन्यू’ नेमकी तीच ओळ गाळतो. मग सातवा मुलगा गैरहजर असेल, तर संगणक त्यालाच पुन्हा पुन्हा तपासत बसतो. उपाय साधा आहे: ‘कंटिन्यू’च्या लगेच आधीही मोजणी वाढवा. पायथनमध्ये थेट यादीवर ‘फॉर’ चालवलात, तर ही कटकटच नाही.

भाषेनुसार शब्दही बदलतो. रुबी आणि पर्लमध्ये ‘नेक्स्ट’, फोर्ट्रानमध्ये ‘सायकल’. फोर्ट्रानमध्ये ‘कंटिन्यू’ही आहे, पण तो स्वतः काहीच करत नाही! जावास्क्रिप्टच्या ‘फॉरईच’मध्ये ‘कंटिन्यू’ चालत नाही. तिथे ‘रिटर्न’ लिहा.