उरलेलं लाकूड

सकाळी ७:००

हॅमिल्टनमध्ये नोव्हेंबरात या वेळी जेमतेम उजाडतं. ड्रिलच्या बॅटऱ्या मी रात्री गाडीत ठेवत नाही, घरी नेतो. गारठलेली बॅटरी मोठ्या भोकाच्या मध्यावर मान टाकते. कामावरचं घर जुनं, १९१० च्या सुमाराचं. बाहेरून वीट, आतून सगळं लाकूड. मागच्या अंगाला मालकांनी दोन खोल्या वाढवायला काढल्या आहेत, त्यांचा लाकडी सांगाडा उभा आहे आणि आज त्यातून वायरी न्यायच्या आहेत. म्हणजे दिवसभर भोकं पाडायची.

माझ्याबरोबरचा शिकाऊ मुलगा सिन्नरचा. आयटीआय करून इथे आला, आता ओंटारियोच्या ३०९ए या इलेक्ट्रिशियनच्या परवान्यासाठी लागणारे ९,००० तास भरतो आहे. आल्या आल्या त्यानं विचारलं, "दादा, कितीचं बिट लावू?"

"बिट राहू दे. आधी पेन्सिल आणि टेप घे."

७:१५

इचलकरंजीत मी वायरमन होतो तेव्हा भिंत म्हणजे वीट. छिन्नीनं झिरी मारायची, पाइप बसवायचा, वरून प्लास्टर. झिरी बोटभर रुंद झाली तरी भिंत सांभाळून घेते. इथल्या भिंतीत दर १६ इंचांवर एक उभी लाकडी पट्टी असते, तिला स्टड म्हणतात, आणि वायर त्या प्रत्येकीच्या पोटातून जाते. 'दोन बाय चार' या नावानं विकली जाणारी ही पट्टी प्रत्यक्षात ३८ बाय ८९ मिलिमीटर भरते. कॅनडाची वीज संहिता सांगते की वायर पट्टीच्या कडेपासून किमान ३२ मिलिमीटर आत हवी, कारण पुढे कुणीतरी त्याच पट्टीवर जिप्सम बोर्ड स्क्रूनं बसवणार आहे. दोन्ही बाजूंचे ३२ सोडले की उरतात २५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक इंच. त्यात बसलं नाही तर पट्टीच्या तोंडावर पोलादी पत्रा ठोकावा लागतो. भार पेलणारी भिंत असेल तर बांधकाम संहितेची आणखी एक अट: पट्टीची दोन-तृतीयांश रुंदी शाबूत राहिली पाहिजे.

बिटची निवड इथे सुरू होते, दुकानात नव्हे. मधोमध पाऊण इंची भोक पाडलं तर दोन्हीकडे ३५ मिलिमीटर लाकूड उरतं. हात दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी चालतं. एक इंची बिट लावलं तर सरकायला जागाच नाही. म्हणून भिंतींसाठी पाऊण इंच. मुलाला मी प्रत्येक पट्टीवर दोन्ही कडांपासून मध्य काढायला लावतो आणि सगळ्या खुणा एका रेषेत घ्यायला लावतो. तो कंटाळतो. मी थांबवत नाही.

८:००

नव्या भिंती स्प्रूसच्या, मऊ लाकडाच्या. यात सपाट पात्याचं स्वस्त बिटही चालतं. चार-सहा भोकं असतील तर मी तेच वापरतो, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण ते लाकूड कापत नाही, खरवडतं. आपल्याला मागून रेटावं लागतं, आणि पलीकडे निघताना मोठ्या ढलप्या उडवतं. दिवसभराच्या कामात हे रेटणं खांद्यात उतरतं.

म्हणून आज ऑगर. त्याच्या टोकाला बारीक स्क्रू असतो. तो लाकडात शिरला की बिट स्वतःला ओढून घेतं. मग बाहेरच्या काठावरची नखं गोल चिरा पाडतात, आतली धार तेवढीच चकती उचलते आणि पिळातून भुसा बाहेर येतो. या क्रमामुळे भोक स्वच्छ पडतं. हातानं फक्त दिशा धरायची.

दिशाच अवघड असते. दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा साडेचौदा इंच. सरळ ड्रिल आणि त्यात लांब बिट तिथे मावत नाही, मग माणूस तिरकं धरतो. भोक तिरकं पडलं की वायर प्रत्येक पट्टीत अडखळते, ओढताना तिचं आवरण घासतं. त्यावर उपाय म्हणजे डोकं काटकोनात वळलेलं ड्रिल आणि सहा इंचांच्या आसपासचं आखूड ऑगर. मुलाला मी ड्रिलची मूठ शेजारच्या पट्टीला टेकवून धरायला शिकवतो. बिट अडकलं तर यंत्र उलट्या दिशेनं फिरायला बघतं. तो झटका लाकडानं घ्यायचा, मनगटानं नाही. या झटक्यानं मनगटं मोडतात, म्हणून दोन्ही हात आणि टेकलेली मूठ याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही.

१०:००

प्लंबर आला. त्याच्याकडे स्वतःला ओढून घेणारं मोठं बिट: मधे स्क्रू, कडेला गोल दातेरी धार, आत एक पातं. व्यास २ पूर्णांक ९/१६ इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर. दोन इंची सांडपाण्याच्या पाइपासाठी नेमकं हेच माप विकतात, कारण त्या पाइपाचा बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर भरतो. त्याला नव्या न्हाणीघराखालच्या कड्यांमधून आडवा पाइप न्यायचा होता.

कड्या 'दोन बाय दहा'च्या, उंची २३५ मिलिमीटर. इथली संहिता कडीत तिच्या उंचीच्या एक-चतुर्थांशापेक्षा मोठं भोक पाडू देत नाही, आणि भोकाच्या वर-खाली ५० मिलिमीटर लाकूड ठेवायला लावते. २३५ चा चौथा हिस्सा ५९ सुद्धा होत नाही. पाइपच ६० चा. बिट कितीही चांगलं असलं तरी ते इथे चुकीचंच.

हा नियम कोरडा वाटतो, पण मला तो फार पटतो. जमिनीवर वजन आलं की कडीचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधला पट्टा त्यातल्या त्यात निवांत असतो. भोक त्या पट्ट्यात राहिलं तर कडी खपवून घेते. खालच्या कडेत खाच मारली तर ताण धरणारे धागेच तुटतात. शेजारी लायसन्सवाला इंजिनियर उभा नसताना मोठं बिट हातात घेणाऱ्यानं एवढं तरी डोक्यात ठेवावं. कारखान्यात बनलेल्या आय-आकाराच्या कड्यांमध्ये तर वरच्या-खालच्या जाड पट्टीला बिट लावायचंच नाही. मधल्या फळीत कुठे आणि केवढं, ते कंपनीच्या तक्त्यात असतं. लाकडी कैचीला, म्हणजे ट्रसला, हात लावायचा नाही.

प्लंबरनं नकाशा पुन्हा पाहिला. पाइप कड्यांना आडवा न नेता दोन कड्यांच्या मधून, त्यांना समांतर नेला तर एकही मोठं भोक लागत नव्हतं. त्याचं बिट पिशवीत परत गेलं.

१२:००

तळघरात डबे उघडले. वर जुन्या घराच्या कड्या दिसतात, आणि त्यांत शंभर वर्षांपूर्वीची भोकं. काहींत पांढऱ्या चिनी मातीच्या नळ्या अजून आहेत. तेव्हा वायर लाकडाला टेकू नये म्हणून कडीतून नेताना अशी नळी घालत. नळी किंचित तिरकी, तिचं जाड डोकं वरच्या बाजूला, म्हणजे ती सरकून पडत नाही. मुलगा बराच वेळ पाहत होता.

ही भोकं हातानं फिरवायच्या गिरमिटानं पाडलेली. बिटं मात्र आमच्यासारखीच असणार: दोन पीळ, दोन नखं, टोकाला स्क्रू. कनेक्टिकटच्या रसेल जेनिंग्जनं या घडणीचं पेटंट १८५५ मध्ये घेतलं. त्यानंतर यंत्र बदललं, बॅटरी आली, पोलाद सुधारलं, पण लाकूड कापण्याची पद्धत तीच राहिली. भोकं सगळी कडीच्या मध्यावर, एका ओळीत. ती पाडणाऱ्या माणसाला मी मनापासून मानतो. वर बघत, शिडीवर, एकेक भोक हातानं पाडताना जागा चुकवणं त्याला परवडणारं नव्हतं.

मुलगा म्हणाला, "आमच्या नाशिकच्या वाड्यात सागवानी तुळया होत्या, दादा. वायर सगळी बाहेरून, लाकडी पट्टीवर क्लिपा मारून."

"बरोबर. तुळईला भोकच पाडायचं नाही, हा तिथला निर्णय."

१:००

दुपारी जुन्या भिंती. इथे सकाळचं ऑगर मी काढून ठेवतो. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड कडक झालेलं असतं, आणि त्यात कुठे खिळा असेल हे सांगता येत नाही: प्लास्टरखालच्या लाकडी पट्ट्यांचे खिळे, कुणीतरी नंतर मारलेले, मोडून आत राहिलेले. नखांचं ऑगर खिळ्यावर एकदा आदळलं की नखं बोथट, आणि त्यानंतर ते मऊ लाकडातही नीट चालत नाही.

अशा ठिकाणी एकाच पिळाचं, नखं नसलेलं ऑगर लागतं. जहाजाच्या जाड लाकडांसाठी बनलेली ही घडण. नखं नसल्यानं भोकाचा काठ थोडा खडबडीत येतो, भिंतीच्या आत त्याचं कुणाला काय! एक जाड धार, रुंद पीळ, भुसा झपाट्यानं बाहेर, आणि अधूनमधून खिळा आला तरी ती कापून पुढे जाते. वेग कमी ठेवायचा. आवाज बदलला, ठणठण आली, की दाब सोडायचा.

एका जागी तीन खिळे जवळजवळ लागले. तिथे दातेरी गोल करवत लावली. ती सावकाश जाते, धूर काढते आणि कापलेली चकती पोटात धरून बसते. पण धातू आणि लाकूड दोन्ही कापते.

३:००

जेवणघराची एक भिंत मालकांना फोडायची नाही. तळघरातून वर, बंद भिंतीच्या पोकळीत वायर चढवायची. यासाठी साडेचार फुटी लवचीक बिट, टोकाजवळ वायर बांधायला छिद्र असलेलं. पण ते लगेच लावायचं नाही. तळघर आणि वरची खोली दोन्हीकडून दिसणारा रेडिएटरचा पाइप खूण धरून आधी माप घेतलं, मग बारीक बिटनं खालून एक छिद्र पाडलं, त्यातून तार वर घालून पोकळीच लागली याची खात्री केली. मोठं बिट त्यानंतर. या एका भोकाला पाऊण तास गेला, आणि मला तो अजिबात जास्त वाटत नाही.

४:१५

भुसा झाडला. उद्या विद्युत सुरक्षा प्राधिकरणाचा निरीक्षक येईल, त्यामुळे टॉर्च घेऊन प्रत्येक भोक पाहिलं. दोन ठिकाणी वळणावर वायर कडेकडे आली होती. तिथे पत्रे ठोकले.

मग कानस. ऑगरची नखं आतल्या बाजूनंच घासायची; बाहेरून घासली तर भोक लहान पडतं आणि बिट त्यात आवळतं. मुलाला एक बिट दिलं, त्यानं नीट केलं.

"दादा, मी स्वतःची बिटं घेणार आहे. पहिल्या पगारात काय घेऊ?"

"पाऊण इंची आखूड ऑगर. जुन्या घरांसाठी तेवढंच एक बिननखांचं. आणि ही कानस. मोठी बिटं नकोत, ती लागतील तेव्हा आधी कडी मोजायची आहे, तोवर माझी वापर."

त्यानं फोनवर लिहून घेतलं आणि टेप कमरेला अडकवली.