चाळीस अक्षरांची नोकरी

सकाळी ७.३०

चहा उकळेपर्यंत फोनवर इनबॉक्स चाळायचा. हे काम लॅपटॉपवर करण्यात अर्थ नसतो, कारण माझे मेल ज्यांना जातात ते बहुतेक जण रिक्षात, लिफ्टमध्ये नाहीतर कुकरच्या शिट्ट्या मोजत फोनवरच बघतात. उभ्या धरलेल्या फोनवर विषयाची ओळ साधारण पस्तीस-चाळीस अक्षरांनंतर तुटते. माझी नोकरी त्या तुटण्याच्या अलीकडची आहे.

यासाठी एक वेगळा पत्ता ठेवलाय. साडीवाले, पुस्तकवाले, सहलवाले, विमावाले अशा सगळ्यांच्या याद्यांत तो मीच घातला. सकाळी तिथे ढीग पडलेला असतो. मी एकही मेल उघडत नाही, बोटाने यादी सरकवत फक्त ओळी वाचते. नजर आधी पाठवणाऱ्याच्या नावावर जाते, मग विषयाच्या ओळीवर, आणि सवड उरलीच तर मागच्या करड्या मजकुरावर. त्याला आम्ही प्रीहेडर म्हणतो. लोक ओळीवर दोन तास डोकं खपवतात आणि पाठवणाऱ्याच्या जागी 'नो रिप्लाय' तसंच राहू देतात. दारावर पाटीच नसेल तर आतली रांगोळी कोण बघणार?

एका कपड्यांच्या दुकानाची आज 'शेवटची संधी' आहे. काल होती, परवाही होती. त्याखाली एका सहल कंपनीचा मेल: 'तुमच्या व्हिसाचे दोन कागद राहिलेत'. ही काही जाहिरात नाही, पण जाहिरात लिहिणाऱ्यांनी अशाच ओळी वहीत उतरवून ठेवाव्यात. कोणाला, काय आणि किती, हे सगळं पाच शब्दांत आलंय.

९.३०

ऑफिस म्हणजे कोथरूडमधली एका सदनिकेची बाहेरची खोली. कालच्या मेलचे आकडे बघायचे. डॅशबोर्डवर सगळ्यात मोठा आणि हिरवागार आकडा ओपन रेटचा असतो. क्लायंटला तोच हवा असतो आणि तोच सगळ्यात कमी भरवशाचा आहे.

मेल उघडला हे आम्हाला कळतं ते मेलमध्ये दडवलेल्या एका ठिपक्याएवढ्या चित्रावरून. ते चित्र आमच्या सर्व्हरवरून मागवलं गेलं की उघडल्याची नोंद होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आयओएस १५ आणलं आणि आयफोनच्या मेल ॲपमध्ये खासगीपणाची सोय दिली. ती चालू असेल तर ॲपलच मेलमधली चित्रं आधी आणून ठेवतं, वाचणाऱ्याने मेल उघडलेला असो वा नसो. आमच्या पुस्तकवाल्या क्लायंटच्या यादीत अमेरिकेतले बरेच पत्ते आहेत आणि तिकडे आयफोन घरोघरी. त्यामुळे आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर न्यू जर्सीची मंडळी पुणेकरांपेक्षा भलतीच वाचनवेडी निघतात.

म्हणून मी खालचे आकडे आधी बघते: किती जणांनी क्लिक केलं, किती ऑर्डरी आल्या, किती जणांनी उलट उत्तर लिहिलं, किती जणांनी नाव काढून घेतलं. मेल पुष्कळ उघडले गेले आणि क्लिक नाहीत, असं दिसलं की ओळीने आतल्या मजकुरापेक्षा जास्त कबूल केलं होतं असं समजायचं.

११.००

आजचं खरं काम दिवाळी अंकांचं. ऑक्टोबर लागलाय आणि पुस्तकवाल्यांना अंकांच्या संचाची आगाऊ नोंदणी सुरू करायची आहे. आधी फोन. मेलमध्ये काय आहे हे नीट कळल्याशिवाय ओळ लिहायला बसले तर विशेषणंच सुचतात.

"सर, यंदा नवीन काय आहे?"

"नवीन काय असणार, दिवाळी अंक! 'दिवाळी धमाका, मेगा वाचन महोत्सव' असं काहीतरी जोरदार टाका मॅडम."

"संचात किती अंक?"

"बारा. दोन कमी-जास्त होतील, अजून छपाईत आहेत."

"घरपोच आहे ना? परदेशीसुद्धा?"

"पाठवतो की. पण दहा तारखेच्या आत पैसे आले पाहिजेत. नंतरची पार्सलं दिवाळी उलटून गेल्यावर पोहोचतात, आणि मग लोक आम्हाला बोलतात."

ही माझी ओळ. ती बहुधा अशीच मिळते, क्लायंटच्या तक्रारीत किंवा जाता जाता टाकलेल्या वाक्यात. त्यांना ती जाहिरात वाटतच नाही.

तरी शिस्त म्हणून पान भरायचं. 'वाचनाची मेजवानी तुमच्या दारी'. ही ओळ गेल्या वर्षी चालली असती, पुढच्या वर्षी चालेल आणि समोरच्या दुकानालाही चालेल, म्हणून कटाप. 'अंक आले!' छोटी आहे, ठसकेबाज आहे, पण खोटी आहे, कारण दोन अंक अजून छापखान्यात. 'फराळासोबत काय वाचणार?' यात प्रश्न आहे, पण उत्तर ऐकायला कोणी थांबणार नाही. प्रश्नार्थक ओळ वाचणाऱ्याच्या मनात तो प्रश्न आधीच असेल तरच चालते. सरांची आणखी एक सूचना होती, परंपरेचा उल्लेख हवा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली काढला, ही गोष्ट सांगण्यासारखी आहेच, आणि ती मेलच्या पोटात चांगली दोन वाक्यं घेईल. पण भाजीच्या रांगेत उभं राहून फोन बघणाऱ्याला १९०९ हे काही आज मेल उघडायचं कारण नाही.

'बारा अंक, एक पार्सल' बराच वेळ आवडते. इथल्या यादीसाठी ठेवते.

परदेशी यादीसाठी: 'परदेशी पार्सल १० तारखेपर्यंतच'. मागच्या करड्या जागेत: 'दिवाळीआधी हातात हवा असेल तर संच आताच नोंदवा'. दुकानाचं नाव पाठवणाऱ्याच्या जागी आहेच, ते ओळीत पुन्हा घालून जागा दवडायची नाही.

पुन्हा फोन. सर नाराज. "अहो, पण यात दिवाळी कुठाय? आणि पार्सल वाचून आमचे कोल्हापूरचे लोक उघडणारच नाहीत."

त्यांना ही ओळ जाणारच नाही, यादी दोन भागांत तोडलीय, हे समजावते. पण त्यांच्या काळजीत माझ्या धंद्याचा सगळा गैरसमज आहे. सगळ्यांनी उघडावी अशी ओळ लिहायला सोपी असते: 'तुमच्या ऑर्डरबद्दल महत्त्वाचं' एवढं लिहा, झुंबड उडेल. ज्याला अंक नकोच आहेत त्याला ओळीवरूनच कळावं आणि त्याने पुढे सरकावं, यात दुकानाचं काहीच जात नाही. उलट फसून आत आलेला माणूस पुढच्या वेळी दुकानाचं नाव बघूनच मेल खोडतो. सरांना हे पटलं असं नाही, पण "तुम्ही म्हणता तर" एवढं मिळालं.

१.१५

डबे. डिझाइनवाला मुलगा कुठूनतरी ऐकून आलाय की ओबामांच्या प्रचारात नुसतं 'हे' अशी ओळ सगळ्यात चालली. "ताई, आपण 'अहो' टाकू या."

२०१२ च्या निवडणुकीतली ही गोष्ट खरी आहे. नंतर त्या टीमने सांगितलं की एकेका मेलचे कधी कधी अठरापर्यंत नमुने आधी थोड्या लोकांना पाठवून बघत आणि त्यातून जिंकलेला सगळ्यांना जाई. समोरच्या पक्षाकडे माझ्याहून जास्त पैसा असणार, अशा अर्थाच्या एका ओळीने २६ लाख डॉलरहून जास्त देणग्या आणल्या. पण 'हे' म्हणणारा माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता. 'अहो' म्हणणारं पुस्तकांचं दुकान असेल तर लोक मागे वळून बघतील आणि चालू लागतील.

२.३०

आता आकडेमोड. मेल पाठवायच्या टूलमध्ये ओळीखाली अक्षरांची मोजणी येते. ती रोमन लिपीसाठी बरोबर आणि आपल्यासाठी विनोदी. 'पुस्तक' आपण तीन अक्षरांत वाचतो. टूल सहा मोजतं, कारण उकार वेगळा, हलंत वेगळा. माझी पार्सलची ओळ डोळ्यांना मोकळ्या जागा धरून एकोणीस, टूलला एकोणतीस. टूल लाल रंग दाखवून घाबरवतं तेव्हा घाबरायचं नसतं, फोन हातात घेऊन बघायचं असतं.

खरी भीती निराळी. मेलचे जुने नियम फक्त रोमन अक्षरं गृहीत धरून बांधलेले आहेत. देवनागरी ओळ आतून संकेतात बदलून, तुकडे करून पाठवावी लागते. १९९६ च्या नियमाप्रमाणे एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा मोठा नसावा, म्हणजे देवनागरीची जेमतेम पंधरा चिन्हं त्यात मावतात. माझ्या ओळीचे दोन तुकडे झाले. चांगलं सॉफ्टवेअर तुकडा अक्षराच्या सीमेवर पाडतं. हलगर्जी सॉफ्टवेअर अक्षराच्या पोटातच सुरी चालवतं आणि वाचणाऱ्याला मधेच चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं. म्हणून टेस्ट मेल: जीमेल, आयफोन, एक जुना अँड्रॉइड फोन आणि ऑफिसात मुद्दाम जपून ठेवलेलं पुरातन आउटलुक. चारही ठिकाणी ओळ धड दिसली.

अधूनमधून कोणी सुचवतं, मराठी रोमन लिपीत लिहा, ही भानगडच नको. मी लिहीत नाही. इंग्रजी ओळींच्या गर्दीत शिरोरेषेची एक ओळ लांबूनही वेगळी दिसते. ती फुकट मिळालेली जाहिरात आहे. शिवाय दिवाळी अंक घेणाऱ्याला देवनागरी अडेल कशी?

४.००

नाटकवाल्यांचा फोन. रविवारी यशवंतराव नाट्यगृहात दुपारी साडेबाराचा प्रयोग आणि बुकिंग थंड. व्यवस्थापकांना ओळीच्या आधी 'रि:' लावून हवंय, जणू प्रेक्षकाच्या मेलला आम्ही उत्तर देतोय. "सगळे करतात हो ताई."

सगळे करत नाहीत, आणि जे करतात ते फार काळ करू शकत नाहीत. अमेरिकेत २००३ च्या कायद्याने मजकुराबद्दल दिशाभूल करणाऱ्या विषयाच्या ओळींना मनाई केली. पण आम्हाला कायद्यापेक्षा गूगलची धास्ती जास्त. फेब्रुवारी २०२४ पासून त्यांनी पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल जीमेलवर पाठवत असाल तर आपली ओळख सिद्ध करणाऱ्या तिन्ही नोंदी हव्यात, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, आणि एका क्लिकमध्ये नाव काढून घ्यायची सोय हवी. आणि लहान-मोठ्या सगळ्यांसाठी स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली, म्हणजे हजारात तीनच्या आत. खोट्या 'रि:'ने चिडलेले तीन प्रेक्षक जमवायला पुण्यात कितीसा वेळ लागतो? ते प्रमाण ओलांडलं की पुढच्या नाटकाचे, अगदी खरेखुरे मेलही थेट स्पॅममध्ये.

"मग निदान तो प्रमोशन्सचा टॅब तरी चुकवा." हा टॅब जीमेलमध्ये २०१३ पासून आहे. आपण तिकीट विकतोय, तेव्हा आपली जागा तीच, असं मी शक्य तितक्या गोड आवाजात सांगते. तिकडे जाणारे लोक काहीतरी विकत घ्यायच्या मनःस्थितीतच जातात.

ओळ दिली: 'रविवार १२.३०, यशवंतराव: पुढच्या रांगा मोकळ्या'. ते म्हणाले, मोकळ्या म्हटलं तर नाटक पडलंय असं वाटेल. याबाबतीत त्यांचं बरोबर आहे. नाटकाचा प्रेक्षक मला जास्त कळतो असा माझा दावा नाही. 'पुढच्या रांगांत जागा आहेत' केलं.

६.१५

परदेशी मेल साडेसहाला सुटेल. तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे नऊ, लंडनमध्ये दुपारचे दोन, कॅलिफोर्नियात पहाटेचे सहा. कॅलिफोर्नियासाठी दोन तास उशिराचा वेगळा गट.

डिझाइनवाल्याला दोन ओळींची चाचणी घ्यायची हौस आहे: दोनशेंना एक, दोनशेंना दुसरी, जिंकेल ती सगळ्यांना. समजा एक पन्नास जणांनी उघडली आणि दुसरी चव्वेचाळीस जणांनी. हा फरक नाणं उडवूनही येतो. ओबामांची यादी लाखोंची होती, आमची सारसबागेच्या एका कोपऱ्यात मावेल. एवढ्या यादीत एका चाचणीवरून काही ठरवू नये. अख्खी यादी अर्धी-अर्धी करून तोच प्रकार महिनोन्‌महिने तपासत राहावं. सध्या मी तपासतेय की तारीख ओळीच्या सुरुवातीला बरी की शेवटी. मोजते ऑर्डरी, उघडणं नाही.

साडेसहा. गेला.

८.३०

घरी. उत्तरं यायला लागलीत. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर उत्तर लिहिता येतं, ही अट मी पहिल्याच दिवशी घातली होती. एकाला पत्ता बदलायचाय. एकीला मुलांचे अंक वेगळे हवेत. आणि तिघा-चौघांचं म्हणणं एकच: बारा अंक वाचून होत नाहीत, सुटे मिळतील का?

सरांना फोन लावते.

"सुटे परवडत नाहीत हो मॅडम. एका अंकाला अंकापेक्षा पार्सलच महाग."

"तीन घेतले तर?"

पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजतात. "तीन जमतील. पण कुठलेही तीन नाहीत, जे हातात आलेत त्यातलेच."

'तुमच्या आवडीचे तीन अंक' लिहीत होते, ते खोडलं. 'आलेल्या अंकांतले कोणतेही तीन'. पुढे किंमत हवी. ती उद्या छापखान्यात जाऊन आल्यावर सांगतो म्हणाले.