डोळ्यांवरच्या पेटीने कंबरदुखी जाते काय?



लागण, बांधणी, रात्रीच्या पाण्याच्या पाळ्या एवढे करून ज्याची कंबर धरली नाही असा ऊसकरी विरळा. त्यामुळे 'गोळी नको, सुई नको, डोळ्यांवर पेटी बांधा आणि दुखणे विसरा' अशी बातमी वर्तमानपत्रात किंवा मुलाच्या मोबाईलवर दिसली की आपण ती दोनदा वाचतो. पेटी खोटी नाही. तिला व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हणतात, म्हणजे आभासी वास्तव. डोळ्यांपुढे छोटे पडदे असतात, मान वळवली की चित्रही वळते आणि आपण निराळ्याच ठिकाणी उभे आहोत असे वाटू लागते. प्रश्न आहे तो 'गुण येतो' म्हणून सांगणाऱ्या कागदात काय काय लिहिलेले असावे, हा.

तसं बघितलं तर हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पारावर कुणी म्हणाला, "औंदा एकरी शंभर टन काढला," की आपण लगेच विचारतो : काट्यावर भरला का अंदाजानं? आडसाली का खोडवा? सगळा प्लॉट तोडला, का मधला चांगला गुंठा तोडून चाळीसनं गुणलं? याचे उत्तर मिळेपर्यंत त्या शंभर टनाला किंमत नाही.

औषधांच्या चाचण्यांतही चांगला गुंठा दाखवण्याची खोड होतीच. म्हणून 1996 साली जाणकार मंडळींनी 'कॉन्सॉर्ट' नावाची एक यादी तयार केली. रोगी कसे निवडले, त्यांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे कसे पाडले, मधूनच किती जण सोडून गेले, काय मोजायचे हे आधी ठरले होते की मागाहून, अपाय काय झाले, हे सारे अहवालात आलेच पाहिजे असा तिचा आग्रह. 2001 आणि 2010 साली ती सुधारली. 2025 सालच्या यादीत 30 कलमे आहेत. या यादीने वाईट चाचणी चांगली होत नाही. ती वाईट आहे हे वाचणाऱ्याला कळते, एवढेच.

आता कंबरेचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2021 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी 'ईझव्हीआरएक्स' नावाच्या अशा पेटीला परवानगी दिली. तीही 18 वर्षांवरील रोग्यांना, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि इतर उपचारांच्या जोडीला. चाचणीत 179 माणसे होती. पेटी त्यांच्या घरी टपालाने गेली आणि आठ आठवडे रोज काही मिनिटे वापरायची होती. शंभरात 66 जणांचे दुखणे 30 टक्क्यांहून जास्त उतरले. जाहिरात करणारा इथेच थांबेल.

पण दुसरा गटही होता. गोळीची परीक्षा घ्यायची तर दुसऱ्या गटाला नुसत्या साखरेची गोळी देता येते (साखरेचा हा खप आपल्या ताळेबंदात येत नाही, ती गोष्ट वेगळी). पेटीला तशी खोटी जोडीदारीण कुठून आणणार? या लोकांनी दुसऱ्या गटालाही तसलीच पेटी दिली, आत मात्र रानावनाची साधी सपाट फिल्म आणि संगीत. त्या गटातही शंभरात 41 जणांना तेवढाच उतार पडला! रोज घटकाभर निवांत बसल्याने असेल, कुणी आपली विचारपूस करतंय यानेही असेल, किंवा दुखणे आपसूक ओसरले असेल. म्हणजे पेटीच्या खास करामतीच्या खात्यावर जमा धरायचे ते शंभरात 25, 66 नव्हेत. ते 25 सुद्धा कमी नाहीत, पण 66 नव्हेत.

याशिवाय शंभरात सुमारे 21 जणांना पेटी डोक्यावर जाचली, सुमारे 10 जणांना गाडी लागल्यासारखी मळमळ झाली. आणि चाचणीतल्या लोकांत बायका जास्त, गोरे आणि कॉलेज शिकलेले जास्त. सऱ्या ओढणाऱ्या माणसाच्या कंबरेला तोच हिशोब लागू पडेल असे त्यावरून म्हणता येत नाही. हे आपल्याला सांगता येते, कारण त्यांनी ते लिहून ठेवले आहे.

पेटीच्या चाचणीला साधी यादी पुरत नाही हे लक्षात आल्यावर 2019 साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने तीन पायऱ्या सुचवल्या. आधी रोग्यांना बरोबर घेऊन आतले चित्र तयार करा. मग थोड्या लोकांवर बघा की ते त्यांना सोसते का, आवडते का. आणि त्यानंतरच दोन गटांची मोठी चाचणी. 2024 साली सुरुवातीच्या चाचण्यांसाठी 'रेट-एक्सआर' ही वेगळी यादी आली. पेटी कोणती, आतला कार्यक्रम कोणता, किती वेळ लावली, जवळ मदतीला कोण होते, हे सगळे लिहा. कार्यक्रमाची आवृत्तीही लिहावी लागते, कारण वरून पेटी तीच राहते आणि आतले चित्र कधी बदलले ते कुणाला कळतही नाही. उसाची जात न सांगता उतारा सांगण्यासारखेच ते.

लहान चाचणी म्हणजे टाकाऊ, असेही समजू नये. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हॉफमन आणि पॅटरसन यांनी भाजलेल्या रोग्यांची पट्टी बदलताना पेटी लावून पाहिली. 2000 साली त्यांनी छापलेल्या एका लेखात रोगी होते फक्त दोन, दोन्ही वाढत्या वयाची मुले. पण पेटीची तुलना साध्या पडद्यावरच्या खेळाशी केली, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणून पुढच्यांना त्यावर काम करता आले.

आपल्याकडेही सोय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जुलै 2007 मध्ये 'सीटीआरआय' ही चाचण्यांची नोंदवही सुरू केली. 15 जून 2009 पासून औषध महानियंत्रकांनी पहिला रोगी घेण्याच्या आधी तिथे नोंद करणे सक्तीचे केले. नोंदीत काय मोजणार ते आधीच लिहावे लागते, त्यामुळे मागाहून चांगला गुंठा निवडायला वाव कमी राहतो. प्रत्येक नोंदीला नंबर असतो आणि इंटरनेटवर ती कुणालाही फुकट पाहता येते. इंग्रजीत आहे खरी, पण घरातली कॉलेजात जाणारी नात ती पाच मिनिटांत काढून देईल. पेटी विकायला कुणी आला आणि 'भारतात चाचणी झाली आहे' म्हणाला, तर नंबर मागून घ्यावा. आणि फिट येणाऱ्या किंवा चक्करेचा त्रास असलेल्या माणसाने पेटी डोळ्यांवर चढवण्याआधी डॉक्टरांना तसे सांगावे.